घाट चढेल असा कॉम्प्युटर

माझे वडील बसड्रायव्हर होते. कोल्हापूरहून निघायचं, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणातल्या एका गावी मुक्काम करायचा आणि सकाळी तोच घाट चढून परत यायचं, ही त्यांची ड्यूटी बरीच वर्षं होती. निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात स्टिअरिंगवरून सुटला नाही. कुणाचं वऱ्हाड न्यायचं असो की कुणाला दवाखान्यात पोचवायचं असो, गावातले लोक त्यांनाच हाक मारायचे. मग काचबिंदूनं त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. लायसन कपाटात ठेवलं आणि स्कूटर शेजाऱ्याला देऊन टाकली. आई गेल्यानंतर मी त्यांना म्हैसूरला आमच्याकडे आणलं, तेव्हाही ते तसेच आले, काही न बोलता.

आम्ही हिनकलला राहतो, हुणसूर रस्त्यापासून थोडं आत. नवरा आणि मी दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसभर बाबा एकटे. कन्नड त्यांना येत नाही आणि आमच्या गल्लीत हिंदी कुणी फारसं बोलत नाही. सकाळी ते मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायचे. संध्याकाळी मी आले की सांगायचे, आज एका गाडीचा क्लच घासत होता, आज एका ड्रायव्हरनं वळणावर उगीच ब्रेक मारला. मी ‘हो का’ म्हणायचे आणि कुकर लावायचे.

एकदा ते फोनवर काहीतरी फार लक्ष देऊन बघताना दिसले. कुणीतरी तरुण माणूस घरात टेबलाला स्टिअरिंग लावून बसला होता आणि समोरच्या पडद्यावर बस चालवत होता. रस्ता घाटाचा, कडेला झाडी, समोरून ट्रक येत होते. बाबा त्या माणसाचे सगळे व्हिडिओ बघायला लागले. मधेच पुटपुटायचे, “गिअर उशिरा टाकतोय हा.” आणि एका रात्री जेवताना, ताटातून वर न बघता, त्यांनी विचारलं, “असलं आपल्याला जमेल का गं?”

हे विचारणं किती मोठं होतं ते आमच्या घरातल्यांनाच कळेल. माझ्या वडिलांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. दुकानात गेलो की सगळ्यात स्वस्त शर्टावर ते बोट ठेवतात. हॉटेलात गार झालेला चहा पितात. भाजीत मीठ नसेल तर मुकाट जेवून उठतात आणि आम्ही बसल्यावर आम्हाला कळतं. आई त्यामुळे आयुष्यभर वैतागली. म्हणायची, हा माणूस दुखतंय कुठं ते डॉक्टरालाही सांगत नाही. अशा माणसानं काहीतरी मागितलं होतं. मी म्हटलं, जमवू.

पहिल्यांदा मी माझा जुना लॅपटॉप पुढे केला. तो बस चालवायचा गेम उतरवून घ्यायलाच अख्खा रविवार गेला. मग सुरू झाला तर बस चालायचीच नाही. म्हणजे चालायची, पण एका झाडापाशी दिसायची आणि नंतर एकदम पुढच्या झाडापाशी. मधला रस्ता गायबच. बाबांनी बाणांची बटणं दाबत थोडा वेळ प्रयत्न केला, मग डोळे मिटून बसले. गरगरतंय का विचारलं तर म्हणाले, नाही, छान आहे. नवऱ्यानं तेव्हाच सांगितलं की या गेमला ग्राफिक्स कार्ड असलेला वेगळा कॉम्प्युटर लागतो, तोच तो गेमिंगचा, ऑनलाइन बघ आणि एखादा बरा तयार सेट घेऊन टाक.

‘घेऊन टाक’ हे शब्द माझ्या नवऱ्याला फार सोपे जातात.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे खरी, पण काम पगारपत्रकांचं. नातेवाइकांना वाटतं की मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळत असणार. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मला फक्त एक तयार खोकं हवं होतं, बेताच्या किमतीचं, ज्यात बाबांची बस सुरळीत चालेल. पण तयार सेट विकणाऱ्या साइटवर गेलं की ती आधी विचारते, प्रोसेसर कुठला? मदरबोर्ड कुठला? रॅम एक पट्टी की दोन? कार्ड कुठलं? अहो, मला हे ठरवता आलं असतं तर मी तयार सेट घ्यायला कशाला आले असते? एक बरं कार्ड निवडलं की खाली लाल अक्षरं यायची, या प्रोसेसरबरोबर चालणार नाही. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड बसायचा नाही. सगळं जुळलं की ते कार्ड संपलेलं असायचं. आणि रॅमचं तर विचारूच नका. त्या महिन्यांत तिचे भाव सोन्यासारखे चढत होते. दुपारी डबा खाताना जो सेट आवाक्यात होता तो घरी येऊन नवऱ्याला दाखवेपर्यंत आवाक्याबाहेर गेलेला असायचा.

ऑफिसात एका सहकाऱ्याला विचारलं, तो रोज संध्याकाळी गेम खेळणारा. त्यानं उत्साहानं तासभर समजावलं. त्यातून मला कळलं ते एवढंच. प्रोसेसरच्या नावातल्या मोठ्या आकड्याला भुलायचं नाही, त्याची पिढी बघायची. सगळ्यात जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर घालायचे. आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तो नामांकित कंपनीचाच घ्यायचा, कारण दुकानदार हात मारतात तो तिथेच. शेवटी तो म्हणाला की खरं तर सुटे भाग आणून तुम्ही स्वतःच जोडायला हवा, त्यात मजा असते. मला मजा नको होती.

बाबांची एकच अट होती. ती त्यांनी सगळं ऐकून झाल्यावर सांगितली. “क्लच पाहिजे.”

बाजारात जी स्वस्त स्टिअरिंगं मिळतात त्यांना दोनच पेडल असतात, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. क्लच आणि गिअरचा दांडा असलेलं स्टिअरिंग पाहिलं तर त्याचीच किंमत इतकी होती की कॉम्प्युटरसाठी ठरवलेल्या रकमेला मोठी खोट बसली. बाबांनी किंमत ऐकली आणि लगेच म्हणाले, राहू दे मग, दोन पेडलांचं चालेल. पण मी आता ऐकणार नव्हते. क्लच येणार म्हणजे येणार. त्याचे पैसे कॉम्प्युटरच्या आतून काढायचे. काच नको, लाइट नकोत, शोभेचं काहीही नको. असा साधा सेट ऑनलाइन कुठे मिळेना, म्हणून एका शनिवारी मी बाबांना घेऊन देवराज मोहल्ल्यात गेले.

तिथे शिंप्याच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून गेलं की एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचा. आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून तो काउंटरमागून बाहेरच आला. त्यांचं घराणं म्हैसूरच्या राजाच्या फौजेतल्या मराठ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. त्यानं बाबांना खुर्ची दिली, कॉफी मागवली, मामा म्हणायला लागला. बाबा बोलायला लागले. मी बघतच राहिले. इतक्या महिन्यांत घरात बोलले नव्हते तेवढं बाबा त्या दुकानात बोलले. घाट, डेपो, कोकणातल्या मुक्कामाचे ढेकूण, सगळं. दुकानदाराच्या बायकोचं माहेर सरगूरला, तिकडे त्यांची शेती, तिकडच्या रस्त्यांवर हत्ती येतात, हेही झालं. आणि मी हातात कागद घेऊन उभी.

शेवटी त्यानं सेट दाखवला. काचेच्या खोक्यात जत्रा भरल्यासारखे निळे, जांभळे, हिरवे पंखे फिरत होते. प्रोसेसर विचारला तर मोठ्या आकड्याचा, एकदम टॉप म्हणाला. कुठल्या पिढीचा विचारलं तर तो खोक्याची काच पुसायला लागला. मग निघाला तो इतक्या जुन्या पिढीचा की माझा लॅपटॉपही त्याच्यापेक्षा तरुण होता. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले जुने भाग नव्या काचेत घातले होते. मी म्हटलं, हा नको, आणि हे दिवेही नकोत. मला सुटे भाग सांगायचे आहेत, ते घालून सेट द्या.

“लाइट नसलं तर गेमिंग कसं म्हणायचं, मेडम?” तो खरोखर गोंधळून म्हणाला.

मी म्हटलं, गेमिंग म्हणू नका. तर कळलं की बिनदिव्याचं खोकं त्याच्याकडे नाहीच, बेंगळूरहून मागवावं लागेल आणि ते दिवेवाल्यापेक्षा महाग पडेल. म्हणजे दिवे नको असतील तर जास्त पैसे मोजा. मी डोक्याला हात लावला. दिवे राहिले.

मग भाग ठरवायला बसलो. मी नव्या पिढीचा, पण साधा प्रोसेसर सांगितला. त्यानं मान्य केला. कार्डासाठी मी हट्ट धरला, तो त्याखालचं सुचवत राहिला, आणि प्रत्येक वेळी बाबा त्याच्या बाजूनं म्हणायचे, “ते खालचंच बास की. मला काय शर्यत लावायची आहे?” मी दुकानदाराशी भांडायला गेले होते आणि भांडत होते बाबांशी. रॅमवर मी माघार घेतली, एकच पट्टी घेतली, पुढे भाव उतरले तर दुसरी टाकू म्हणून. पण एसएमपीएसवर घेतली नाही. कुठल्या कंपनीचा, किती वॉटचा, ते मी त्याच्याकडून बिलावर लिहून घेतलं. जिना उतरताना बाबा म्हणाले, भला माणूस आहे, उगीच तू त्याच्यावर इतका संशय घेतलास.

सेट लगेच मिळणार होता तो मिळाला नाही. कार्ड यायचं होतं. कार्ड आलं तर मालक सरगूरला गेलेले, शेतीच्या कामाला. फोन केला की दुकानातून उत्तर यायचं, नाळे, म्हणजे उद्या. हा उद्या बरेच दिवस टिकला. इकडे स्टिअरिंग मात्र आधीच येऊन पडलं होतं. बाबांनी ते जेवणाच्या टेबलाला शिकंज्यानं आवळून बसवलं, पेडल खाली भिंतीला टेकवून ठेवले, आणि कॉम्प्युटरच नसताना त्या टेबलाशी बसून पाय क्लचवर ठेवून बघायचे. मला ते पाहून दुकानदाराचा जास्तच राग यायचा.

शेवटी सेट आला. दुकानदार स्वतः रिक्षातून घेऊन आला, जोडून दिला, गेम उतरवून दिला, आणि बाबांबरोबर चहा पिऊन गेला. कुणीतरी आपल्याकडच्या घाटासारखा एक रस्ता बनवून फुकट ठेवलेला होता, तोही त्यानं शोधून गेममध्ये घालून दिला. बाबांनी गाडी चालू केली. क्लच दाबला, पहिला टाकला, सोडला. बस हळूच, कुठलाही धक्का न देता स्टँडबाहेर निघाली. नवरा टाळ्या वाजवायच्या बेतात होता. बाबांचा चेहरा बघून थांबला. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि चांगला डोळा आरसा बघत होता, पडद्यावरचा.

त्यानंतर मी त्या विषयातून सुटले असं समजले. रोज विचारायचे, कसं चाललंय? रोज उत्तर यायचं, मस्त. दिव्यांवर बाबांनी पंचा टाकला होता, डोळ्यांवर येतात म्हणून. मी म्हटलं, पंचा टाकू नका, गरम होईल. तो त्यांनी काढला आणि पुठ्ठ्याचं एक झापड बनवून खोक्याच्या आणि स्वतःच्या मधे उभं केलं. बरं, म्हटलं, चालू दे.

एके दिवशी मला बरं वाटत नव्हतं म्हणून दुपारीच घरी आले. हॉलमध्ये बाबा स्टिअरिंगसमोर बसले होते. हात मांडीवर, पडदा काळा. खोक्यातले दिवेसुद्धा विझलेले. मला वाटलं वीज गेली, पण डोक्यावर पंखा फिरत होता. विचारलं, काय झालं?

“काही नाही. गरम होतंय ते. थंड झालं की पुन्हा चालतं.”

“म्हणजे बंद पडतं?”

“घाटात दाट झाडी लागली की पडतं. सपाटीला काही नाही. घाटात रेडिएटर गरम व्हायचाच की आमचा. थांबायचं, पाणी घालायचं, निघायचं.”

मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, पहिल्यापासनंच. सेट आला त्या दिवसापासून माझे वडील रोज तो घाट चढायला घेत होते, अर्ध्या वाटेत कॉम्प्युटर मरत होता, ते हात मांडीवर ठेवून वाट बघत होते, मग पुन्हा खालच्या स्टँडपासून सुरू करत होते. कारण बंद पडलं की खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा. घाटमाथा त्यांनी एकदाही बघितला नव्हता. आणि मला रोज सांगत होते, मस्त.

मला इतका संताप आला की अंगातला ताप विसरले. बाबांना काही बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि खोक्याची बाजू उघडली. हे असलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आत खाली एसएमपीएसचा डबा होता आणि त्यावर ज्या कंपनीचं नाव होतं ते बिलावर नव्हतं. तसं नाव मी कधी ऐकलेलंही नव्हतं. इतका वेळ घालवून, इतकं भांडून जे ठरवलं होतं, तेच नेमकं बदललं होतं.

सहकाऱ्याला फोटो पाठवला. त्यानं लगेच कळवलं की कार्डानं जास्त वीज मागितली की हा डबा हात टेकत असणार. झाडी, धुकं, पाऊस दाखवायचा झाला की कार्डाला जोर लागतो. सपाटीला नाही लागत. बाबा म्हणत होते ते खरंच होतं, घाटातच बंद पडत होतं.

शनिवारी मी खोकं गाडीत घातलं. बाबा म्हणाले, मी नाही येत, तो माणूस ओशाळेल. मी म्हटलं, तुम्ही यायचंच. रिंग रोडच्या सिग्नलला थांबलो. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

“डेपोत तुम्हाला अशी गाडी दिली असती तर काढली असती बाहेर?”

“नसती काढली,” ते लगेच म्हणाले. “मॅनेजरशी भांडलोय त्यापायी. दोनदा मेमो घेतलाय.”

“मग इथे का गप्प बसलात?”

ते खिडकीबाहेर बघत होते. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न दिले, मी गाडी पुढे घेतली, तेव्हा ते म्हणाले, “तिथं आत माणसं असायची गं. इथं काय, मी एकटाच.”

 मला राग नीट धरता येईना, कारण तो कुणावर धरायचा तेच कळेना. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांसाठी ब्रेक तपासले होते आणि स्वतः गार चहा प्यायला होता, आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. बाजारापाशी पार्किंग मिळेना. दोन फेऱ्या मारल्या. शेवटी लांब कुठेतरी गाडी लावली आणि ते जड खोकं एका बाजूनं मी, एका बाजूनं बाबा असं धरून फुलवाल्यांच्या गर्दीतून नेलं. जिन्यावर ते दोनदा भिंतीला आपटलं.

दुकानदार हसत उठला, मामा या म्हणाला, कॉफी सांगायला लागला. मी कॉफी नको म्हटलं आणि उघडं खोकं आणि बिल दोन्ही काउंटरवर ठेवलं. त्यानं बघितलं. नाही म्हणाला नाही. म्हणाला की तो डबा त्या दिवशी आला नव्हता, मामांना थांबायला लागू नये म्हणून दुसरा घातला, पावर सेमच आहे, कंपनी तेवढी वेगळी.

“पावर सेम असती तर बंद कशाला पडला असता?”

“मेडम, सुम्ने टेन्शन घेता तुमी,” तो म्हणाला. उगीचच, असं त्याला म्हणायचं होतं. “गेमात सेटिंग स्वल्प कमी करायचं. झाडं कमी, धुकं बंद. मग बंद पडतच नाही. मामांना काय, रस्ता दिसला की झालं.”

बाबा त्याच्याकडे बघून मान हलवायला लागले. मी म्हणाले, “बाबा, तुम्ही मान हलवू नका.” आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते वळून बघायला लागलं. मी दुकानदाराला म्हणाले की मी दिवे घेतले, एक पट्टी घेतली, उद्या-उद्या ऐकत महिना काढला, फक्त एका गोष्टीसाठी अडून बसले होते आणि तीच तुम्ही न सांगता बदललीत. तो म्हणाला, बदलून देतो, पण आता त्याचाही भाव वाढलाय, फरक द्यावा लागेल. मी देणार नाही म्हटलं. तो म्हणाला, मग जुन्या भावात येईल तेव्हा बघू. मी म्हटलं, येईपर्यंत मी इथून हलत नाही. हे असं चाललं होतं. मला स्वतःचाच कंटाळा आला होता. एका पत्र्याच्या डब्यासाठी मी भर बाजारात उभी राहून ओरडत होते आणि तरीही काही पुढे सरकत नव्हतं.

तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. दुकानदाराला म्हणाले, “अहो, झाडं कमी करू नका. मला घाट पुरा चढायचाय.”

एवढंच बोलले. दुकानदारानं त्यांच्याकडे बघितलं आणि मग खाली मान घातली. माझ्या सगळ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. त्यानं विचारलं, मामा, एकदा बी चढला नाही? बाबा म्हणाले, नाही. मग तो फोनवर कुणाशी तरी भरभर कन्नडमध्ये बोलला, आवाज चढवून, आणि मला म्हणाला की दुसऱ्या दुकानातून मागवतो, फरक राहू द्या, पण आज नाही.

आज नाही म्हणजे पुन्हा सगळा आठवडा. खोकं तिथेच राहिलं. मधे दोनदा मला फोन करून आठवण द्यावी लागली, आणि एकदा त्यानं मलाच विचारलं की कुठल्या कंपनीचा म्हणाला होता तुम्ही. पण आला. बिलावर होता तोच आला. ह्या खेपेला मी त्याच्यासमोर तो डबा हातात घेऊन, त्यावरचं नाव वाचून मगच त्याला बसवू दिला. त्याला ते लागलं असणार. लागू दे.

बाबा घाटमाथ्यावर पोचले तेव्हा घरी कुणीच नव्हतं. कामाचा दिवस होता. संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांनी मला ते सांगितलंही नाही. मीच विचारलं, आज बंद पडला का? नाही म्हणाले. पोचलात का वर? हो म्हणाले, धुकं होतं, गगनबावड्यात असतं तसंच, पण स्टँड चुकीच्या बाजूला दाखवलाय. मग बराच वेळ त्या चुकलेल्या स्टँडबद्दल बोलत राहिले.

आता ते रोज सकाळी एक फेरी करतात आणि दुपारी एक. दुकानदार अधूनमधून फोन करतो, त्याचं आणि बाबांचं तासन्‌तास चालतं. माझ्याशी तो जरा जपूनच बोलतो. परवा मात्र बाबा जेवताना म्हणाले की ही खुर्ची बसकी आहे, क्लच दाबताना गुडघा वर येतो, दुसरी आणायला हवी. मी हो म्हटलं आणि रात्री खुर्च्या बघायला बसले. ज्या उंच आहेत त्यांना चाकं आहेत, क्लच दाबला की त्या मागे जातील. बिनचाकाच्या आहेत त्या खालीवर होत नाहीत. गेमिंगच्या म्हणून ज्या मिळतात त्या सगळ्या लालभडक आणि काळ्या, आणि त्यांची किंमत बघून मी फोन पालथा ठेवला. नवरा म्हणाला, एखादी बरी बघून घेऊन टाक.